मागे पडलेल्या भिडूचे काय? पाच जणांच्या घरासाठी बोर्ड गेम निवडण्याचे एक प्रकरण

या प्रकरणातील कुटुंब पाच जणांचे आहे: आई, वडील, पंधरा वर्षांचा थोरला मुलगा, बारा वर्षांची मधली मुलगी आणि दहा वर्षांचा धाकटा. मुले मोठी होत चालली, प्रत्येकाचे दार बंद राहू लागले, तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसून बोर्ड गेम खेळायचा असे आईवडिलांनी ठरवले. काही आठवडे हा नेम चालला. मग मुलगी एकदा डाव अर्ध्यावर टाकून उठली आणि त्यानंतर टेबलाशी यायलाच तयार होईना. "तिला आवडेल असा कोणता खेळ आणावा?" हा प्रश्न आईवडिलांनी आम्हाला विचारला. अशा प्रश्नाला उत्तर म्हणून सहसा वयानुसार केलेली यादी हाती पडते, आणि त्या याद्यांतले खेळ बहुतेक वेळा चांगलेच असतात. हे प्रकरण नोंदवून ठेवावेसे वाटले ते याचसाठी, की या घरात आलेले नवे खेळही नावाजलेले होते आणि तरीही बैठक फसली.

घरात पूर्वीपासून मोनोपॉली होती. तिच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जो आधी दिवाळखोर होतो तो बाहेर बसतो, आणि उरलेल्यांचा डाव लांबतच जातो. त्यात न घेतलेल्या मालमत्तेचा लिलाव करण्याचा मूळ नियम बहुतेक घरांप्रमाणे येथेही पाळला जात नव्हता, त्यामुळे डाव आणखी रेंगाळे. मोनोपॉलीला कंटाळून वडिलांनी कॅटान आणला. क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ १९९५ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्याला तिथला 'श्पील देस यारेस' हा, वर्षातील उत्तम खेळाला दिला जाणारा पुरस्कार मिळाला. पेटीवर दहा वर्षांपासून पुढे असे वय दिलेले असल्याने निवड बिनचूक वाटली. मात्र त्याच पेटीवर भिडूंची संख्या तीन ते चार अशी छापलेली होती. पाच जणांसाठी वेगळी जोडपेटी घ्यावी लागते. ती नव्हती, म्हणून आई दर वेळी पत्ते वाटण्याचे काम घेऊन बाजूला बसू लागली.

मुलगी ज्या डावातून उठली तो डाव आईच्या आठवणीवरून आम्ही पटावर पुन्हा मांडून पाहिला. कॅटानमध्ये षटकोनी जमिनींच्या कोपऱ्यांवर वस्त्या बसवायच्या असतात. प्रत्येक जमिनीवर एक आकडा असतो आणि दोन फाशांची बेरीज तो आकडा दाखवील तेव्हा त्या जमिनीचे पीक, लाकूड, वीट, लोकर किंवा खनिज लगतच्या वस्तीला पत्त्याच्या रूपात मिळते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ आणि ८ प्रत्येकी पाच वेळा पडतात, तर २ आणि १२ प्रत्येकी एकदाच. थोरल्याने हे हेरले होते. त्याच्या पहिल्या दोन वस्त्या ४, ५, ६, ८, ९ आणि १० या आकड्यांना लागून होत्या, म्हणजे ३६ पैकी २४ शक्यतांत त्याला काही ना काही मिळणार होते. मुलीने मोकळी जागा पाहून २, ३, ४, ५, १० आणि ११ या आकड्यांलगत वस्त्या मांडल्या होत्या. तिच्या वाट्याला ३६ पैकी १५ शक्यता आल्या. हा फरक पहिल्या दहा मिनिटांतच पडला, आणि पुढचा तासाभराचा डाव त्या दहा मिनिटांची फेड करण्यात गेला.

इतके होऊनही डाव सावरता येतो, कारण कॅटानचा प्राण देवघेवीत आहे. पण देवघेव करायची तर हातात पत्ते हवेत. ज्याच्या हातात दोनच पत्ते असतात त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर अडवणूक करण्यासाठी विचारतो. शिवाय बेरीज सात आली की फासे टाकणारा चोराची सोंगटी हलवतो, ज्या जमिनीवर ती ठेवतो तिचे उत्पन्न थांबवतो आणि लगतच्या एका भिडूचा एक पत्ता काढून घेतो. शहाणा खेळाडू चोर आघाडीवर असलेल्याच्या जमिनीवर ठेवतो. दहा वर्षांचा भाऊ तो बहिणीच्या जमिनीवर ठेवतो. त्या डावात चोर लागोपाठ तिच्याच जमिनीवर राहिला, थोरला त्यावर हसला, आणि मुलीने फोन उचलला. वडिलांनी टेबलावर फोन आणायला बंदी केली. पुढच्या आठवड्यात मुलगी आली, पण फोनशिवाय तिला त्या डावात करण्यासारखे काहीच उरले नव्हते. ती उठून गेली. आईवडिलांच्या लेखी गोष्ट फोनपाशी सुरू झाली होती. पटावरच्या नोंदीवरून दिसते ते असे, की फोन हातात आला तोपर्यंत तिचा डाव संपून बराच वेळ झाला होता आणि फक्त तो संपल्याचे कोणी जाहीर केले नव्हते.

यानंतर वडिलांनी पुष्कळ ठिकाणी मिळणारा सल्ला मानला: मुलांत चुरस नको असेल तर सहकार्याचा खेळ आणा. त्यांनी मॅट लीकॉक यांचा २००८ सालचा पँडेमिक आणला. यात सारे भिडू एका बाजूला आणि जगभर पसरणारे चार रोग दुसऱ्या बाजूला असतात. प्रत्येकाला आपल्या पाळीत चार कृती करता येतात आणि जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. मुलगी तयार झाली. तिच्या वाट्याला वैद्याची भूमिका आली. ही भूमिका चांगलीच उपयोगाची आहे, कारण इतरांना एका कृतीत रोगाचा एकच ठोकळा उचलता येतो, तर वैद्य एका रंगाचे सगळे ठोकळे एकदम उचलतो. परंतु पँडेमिकमध्ये लपवण्यासारखे जवळजवळ काहीच नसते, आणि ज्याला पट सर्वांत लवकर वाचता येतो तो साऱ्यांच्या चाली सांगू लागतो. थोरला म्हणाला, "तू पॅरिसला जा, तिथले निळे उचल, मग मिलानला ये." तिने तसे केले. पुढच्या पाळीतही तसेच केले. तिसऱ्या पाळीला तिने आपली सोंगटी त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तूच हलव." डाव जिंकला गेला, आणि थोरल्याला तिची ही नाराजी खरोखरच समजली नाही. खेळणाऱ्यांच्या जगात हा दोष चांगला परिचयाचा आहे. सहकार्याचा खेळ एकट्याने हरण्याची लाज काढून टाकतो, पण स्वतःचे ठरवण्याची मोकळीक तो सांभाळेलच असे नाही.

दोन्ही खेळांत काय बिघडले ते शेजारी ठेवून पाहिले तेव्हा निवडीची कसोटी हाती आली, आणि ती खेळाच्या विषयाची किंवा अवघडपणाची नव्हती. दहा ते सोळा या वयात मूल हरायला घाबरते असे सरसकट म्हणता येत नाही. त्याला सोसवत नाही ते धाकट्या भावंडासमोर तासभर उघडपणे मागे राहणे, आणि त्या तासात हातात काहीही नसणे. म्हणून प्रत्येक खेळाला पहिला प्रश्न असा विचारावा, की जो भिडू मागे पडला आहे त्याला हा खेळ काय करू देतो. तो मागे आहे हे सर्वांना सतत दिसते की शेवटी मोजणीत कळते? आपली पाळी येईपर्यंत त्याला किती वेळ नुसते बसावे लागते? आणि त्याची खेळी खरोखर त्याचीच असते, की कोणीतरी त्याच्या खांद्यावरून वाकून ती ठरवते? खेळ मुलांना रुचेल का, हा प्रश्न नंतर आला तरी चालतो.

पेटीवर छापलेले वय या प्रश्नांची उत्तरे देत नाही. युरोपीय संघाचे खेळण्यांच्या सुरक्षिततेचे नियम चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना लागू होतात, आणि अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या वस्तूंची त्रयस्थ प्रयोगशाळेत चाचणी करावी लागते. त्यामुळे एखाद्या पेटीवरचा चौदाचा आकडा खेळाच्या काठिण्यापेक्षा चाचणीच्या खर्चाविषयी अधिक सांगत असू शकतो. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर खेळाडू एक ते पाच या मापावर खेळाचा जडपणा, म्हणजे तो किती गुंतागुंतीचा आहे ते, नोंदवतात. ते माप अधिक कामाचे आहे, पण तेही अपुरे पडते. कॅटान आणि सेव्हन वंडर्स हा पत्त्यांचा खेळ, या दोहोंचा जडपणा तिथे २.३ च्या आसपास दिसतो. मात्र पहिल्यात मागे पडलेला इतरांच्या पाळ्या पाहत बसतो, तर दुसऱ्यात सर्व जण एकाच वेळी आपापला पत्ता निवडतात आणि कोणालाच थांबावे लागत नाही.

या घरासाठी पहिला निवडला तो जस्ट वन. तीन ते सात जणांचा हा खेळ २०१९ च्या श्पील देस यारेसचा मानकरी आहे आणि त्याचे नियम दोन मिनिटांत सांगून होतात. एक भिडू ओळखणारा असतो. गुप्त शब्द बाकीच्यांना दिसतो आणि प्रत्येक जण इतरांना न दाखवता एकाच शब्दाचा संकेत लिहितो. दोघांनी तोच संकेत लिहिला असेल तर ओळखणाऱ्याला दाखवण्यापूर्वी ते दोन्ही बाद होतात. पेटीतली कार्डे इंग्रजीत होती, म्हणून मुलांनी घरच्या भाषेतले शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले आणि त्याच वापरल्या. खेळाला त्याने काही बाध येत नाही. एका फेरीत मुलगी ओळखणारी होती आणि शब्द होता 'दिवा'. वडिलांनी आणि थोरल्याने 'प्रकाश' लिहिले, दोघांचे संकेत बाद झाले. आईची 'वात' उरली आणि धाकट्याचा 'अल्लादीन'. मुलीने दिवा ओळखला. सर्वांना सुचणारा शब्द येथे निरुपयोगी ठरतो आणि टेबलावरच्या दोन सर्वांत अनुभवी माणसांनी एकमेकांना खोडले, हे धाकट्याच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही. मुलीला परत बसवायला हा खेळ पुरेसा होता. पण संध्याकाळ भरून काढण्याइतका तो नाही, आणि थोरल्याला तो लवकरच पोरकट वाटू लागला.

दुसरा खेळ अ‍ॅलन मून यांचा टिकेट टू राइड. त्याला २००४ साली तोच पुरस्कार मिळाला आणि तो दोन ते पाच जणांना खेळता येतो. येथे एक गोष्ट मुद्दाम केली गेली: नियमपुस्तिका आधी मुलीकडे दिली आणि खेळ तिनेच सर्वांना शिकवायचा असे ठरले. या घरात नियम समजावण्याचे काम नेहमी थोरल्याकडे असे. नियम ज्याला आधी कळतात त्याला पहिल्या डावात मोठीच आघाडी मिळते, आणि शंका आली की सर्व जण त्याच्या तोंडाकडे पाहतात. तो मान या वेळी मुलीकडे गेला. आईच्या मते फरक मुख्यतः याच बदलाने पडला. मला खेळाची रचनाही तितकीच कारणीभूत वाटते, पण दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडल्याने त्या वेगळ्या काढून दाखवता येत नाहीत.

या खेळात प्रत्येकाकडे रेल्वेचे ४५ डबे असतात आणि आपल्या पाळीत तीनपैकी एकच गोष्ट करायची असते: पत्ते उचलणे, दोन शहरांमधला मार्ग घेणे किंवा नवी तिकिटे, म्हणजे कोणती दोन शहरे जोडायची ते सांगणारी कार्डे, काढणे. पाळी लवकर संपते. तिकिटे हातात लपवलेली असतात. पटाच्या कडेला गुण चालत असले तरी ते अपुरे असतात, कारण पुऱ्या झालेल्या तिकिटांचे गुण शेवटी मिळतात आणि अपुऱ्या तिकिटांचे गुण वजा होतात. त्यामुळे कडेच्या मोजणीत शेवटी असलेल्या भिडूला डाव संपेपर्यंत आशा बाळगण्याचे खरे कारण असते. मुलीकडे लॉस एंजेलिस ते न्यू यॉर्क हे २१ गुणांचे लांब तिकीट होते. ती बराच वेळ नुसते पत्ते गोळा करत राहिली आणि पटावर तिचे डबे सर्वांत कमी होते. थोरल्याने तिला टोमणा मारला. डाव संपल्यावर तिने तिकीट उलटून ठेवले तेव्हा मार्ग सलग पूर्ण झालेला होता. ती तिसरी आली, पण टोमणा मारणारा चौथा आला होता. ज्याने कमी गुण मिळवले त्यालाही टेबलावरून उठताना स्वतः पुरे केलेले काहीतरी पटावर दिसते, हा या रचनेचा मोठा गुण आहे.

धाकट्याचे मात्र तेथे बिनसले. पाच जणांत पट दाटीचा होतो, आणि त्याला हवा असलेला मार्ग वडिलांनी अजाणता घेतला. तिकिटाचे गुण वजा झाल्यावर त्याला रडू आले. आईने सुचवले की त्याचे गुण वजा करू नयेत. त्याने ते साफ नाकारले: "मी लिंबूटिंबू नाही." या वयाच्या मुलाला दिलेली सवलत बहुधा अशीच परत येते, आणि मोठ्यांनी मुद्दाम हरणे तर त्याहून वाईट, कारण दहा वर्षांच्या मुलाला ते हमखास कळते आणि नंतर त्याने खरोखर जिंकलेल्या डावावरही त्याचा विश्वास राहत नाही. अखेर नियम तसेच ठेवले आणि त्याला फक्त एक गोष्ट समजावली. सुरुवातीला मिळणाऱ्या तीन तिकिटांपैकी दोन ठेवणे पुरेसे असते. हावरेपणाने तिन्ही ठेवण्याऐवजी एकमेकांच्या वाटेवरची दोन निवडावीत. त्याचा राग यामुळे गेला नाही, पण तो शहाणपणाने चिडू लागला, म्हणजे मार्ग अडण्याआधीच घेऊ लागला.

थोरल्याचा प्रश्न निराळा होता. त्याला डोके चालवावे लागेल असा खेळ हवा होता, आणि तो नुसता हुकूम सोडू शकणार नाही असा खेळ घराला हवा होता. सर्व जण एकाच बाजूला असूनही गप्प राहायला लावणारे खेळ येथे उपयोगी पडतात. हनाबी या पत्त्यांच्या खेळात भिडू आपले पत्ते उलटे धरतो, ते इतरांना दिसतात, त्याला दिसत नाहीत. या घराने द क्रू हा २०१९ सालचा पत्त्यांचा खेळ घेतला. चार रंगांचे एक ते नऊ असे ३६ पत्ते आणि चार हुकमाचे, असे एकूण चाळीस पत्ते पाच जणांत प्रत्येकी आठ येतात. लागलेल्या रंगाचे पान टाकायचे, मोठ्या पानाने हात उचलायचा, हे ओळखीचेच आहे. फरक इतकाच, की ठरावीक पान असलेला हात ठरावीक भिडूनेच उचलला पाहिजे, आणि बोलायची बंदी असते. एका मोहिमेत प्रत्येकाला एकदाच एक पान उघडे ठेवून, ते आपल्याकडचे त्या रंगाचे सर्वांत मोठे, सर्वांत लहान की एकमेव आहे, इतकेच सांगता येते. थोरल्याला सर्व पाने दिसत नसल्याने सूचना देणे आपोआप बंद झाले. बहिणीने ते पान का टाकले असेल, याचा विचार त्याला करावा लागला. मोहीम फसली तरी ती काही मिनिटांतच संपलेली असते आणि लगेच पुन्हा वाटता येते. पेटीत चढत्या क्रमाने पन्नास मोहिमा आहेत, त्यामुळे खेळ हळूहळू अवघड होतो आणि धाकट्यालाही त्याबरोबर चढता येते.

सेव्हन वंडर्स मात्र फसला. कागदावर तो या घरासाठी उत्तम होता: तीन ते सात भिडू, सर्वांची खेळी एकाच वेळी, साधारण अर्ध्या तासाचा डाव. परंतु त्याचे पत्ते चिन्हांनी भरलेले असतात आणि ती चिन्हे वाचायला धाकट्याला मदत लागली. मदत करायची म्हणजे त्याचे पत्ते पाहायचे, आणि शेजारच्याचे पत्ते पाहिले की या खेळातली गंमत जाते, कारण उरलेले पत्ते त्याच शेजाऱ्याकडे सरकवायचे असतात. खेळ परत न करता कपाटात ठेवला आहे. धाकटा झोपल्यावर बाकीचे चौघे तो खेळतात, आणि मुलीला तो टिकेट टू राइडपेक्षा अधिक आवडतो.

कॅटानची पेटीही टाकून दिलेली नाही. तिच्या नियमपुस्तिकेत नवख्यांसाठी पट आणि सुरुवातीच्या वस्त्या ठरवून दिलेल्या आहेत. या घराने ती पाने ओलांडून सरळ मोकळी मांडणी घेतली होती. त्या ठरलेल्या मांडणीने खेळल्यास आकड्यांची तफावत पुष्कळ कमी होते. शिवाय ज्याचे सुरुवातीच्या वस्त्यांचे दोनच गुण आहेत त्याच्या जमिनीवर चोर ठेवायचा नाही, असे अनेक जण आपसात ठरवून खेळतात, आणि ते नवख्या टेबलाला सोयीचे पडते. तरीही मुलगी कॅटानला बसत नाही आणि तिला कोणी आग्रह करत नाही. एका खेळाला नकार म्हणजे संध्याकाळीला नकार, असे या घरात आता धरले जात नाही.

थोरल्याची पुढची दोन वर्षे अभ्यासाची आहेत, त्यामुळे टेबलाशी बऱ्याचदा चौघेच असतील. चार जणांत पँडेमिक खेळता येतो आणि मुलीने तो पुन्हा काढण्याची तयारी दाखवली आहे. मात्र थोरला नसताना पट सर्वांत लवकर वाचणारे माणूस वडील असतील, आणि त्यांनाही चाली सुचवल्यावाचून राहवत नाही, हे द क्रूच्या पहिल्या काही मोहिमांत दिसून आले होते. म्हणून ज्याची पाळी त्यानेच आधी बोलायचे आणि विचारल्याशिवाय इतरांनी सुचवायचे नाही, अशी अट घालून पहिले डाव सर्वांत सोप्या पातळीवर, म्हणजे रोगाची साथ भडकवणारी चारच कार्डे घालून, खेळायचे ठरले आहे.